अंड्याचा रंग आणि आपला शब्द

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतलं भाषण)



आधी माझी चूक सांगते. मागच्या बैठकीत मी म्हणाले होते, "अंडं जितकं तपकिरी, तितकं ताकदीचं." ते खरं नाही. तेच ऐकून आपल्या एका ताईने बाजारात तसं सांगितलं. गिऱ्हाईक म्हणालं, "मग ही निम्मी फिकी का? भेसळ केलीत." ताई भरली टोपली घेऊन घरी आली. तो बोल तिला माझ्यामुळे लागला.

आता तुमच्या मोबाईलवर फिरणाऱ्या त्या चॉकलेटी अंड्यांचं बघू. ती मारान्स कोंबडीची. फ्रान्सच्या पश्चिमेला ला रोशेल शहराजवळ मारान्स गाव आहे, तिथली ही जुनी जात. टरफल तयार झालं की शेवटी त्यावर रंग चढतो, भिंतीला रंगाचा हात द्यावा तसा. अंडं ताजं, ओलं असताना तो पुसलाही जातो. तलंग नवी असताना अंडी गडद असतात, महिने जातात तशी फिकी होतात. पिसं गळून कोंबडीला विश्रांती मिळाली की पुन्हा गडद. कोंबडी तीच, घर तेच!

म्हणजे टरफलाचा रंग जातीचा आणि त्या कोंबडीचा. आतल्या ताकदीशी त्याचा संबंध नाही. बलक मात्र खाद्यावर पिवळा होतो. ताजेपणा बघायचा तर अंडं पाण्यात सोडा. ताजं तळाशी आडवं बसतं, जुनं उभं राहतं, फार जुनं तरंगतं.

म्हणून त्या जातीच्या नावाने कुणी महाग अंडी विकायला आला, तर गटाचं कर्ज काढून घेऊ नका.

पण तिथल्या पाळणाऱ्यांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ते उबवायला निवडक गडद अंडीच ठेवतात. कोंबडाही गडद अंड्यातून निघालेलाच, कारण रंग बापाकडूनही येतो. आपण तशीच निवड करू, पण रंगासाठी नाही. जास्त अंडी घालणारी, पिल्लं नीट सांभाळणारी कोंबडी निवडू. तिच्या अंड्यावर पेन्सिलने खूण करा, वहीत तारीख लिहा. कोंबडा दुसऱ्या घरचा आणा, आपसात बदला.

आणि बाजारात गिऱ्हाईकाला सरळ सांगा, "रंग कमीजास्त असतो. अंडी या आठवड्याची आहेत, पाण्यात टाकून बघा." पुढच्या बाजाराला त्या ताईसोबत मीही टोपलीपाशी बसणार आहे.