माथेरानची गाडी मेजावर आणताना
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या वरच्या मजल्यावरील रिकाम्या खोलीत नेरळ-माथेरान रेल्वेची एक चालती प्रतिकृती उभारावी, असा संकल्प तरुण मंडळींनी सोडला आहे, आणि त्याविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. ह्या प्रश्नावर सभासदांत दोन मते आहेत, हे लपविण्याचे कारण नाही. काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, ज्या मंडळाने शिष्यवृत्त्या द्यावयाच्या त्याने खेळण्यांवर पैसा का घालावा? आक्षेप रास्त आहे. केवळ खेळणेच आणावयाचे असेल, तर एक पैसाही खर्चू नये असे आम्हीही म्हणू.

परंतु खेळण्यातील गाडी आणि खऱ्या जागेची प्रतिकृती ह्यांत मोठे अंतर आहे. खेळण्यातील गाडी गोल फिरते, कारण रूळ गोल मिळाले असतात. खऱ्या जागी रूळ वळतो तो कशामुळे तरी वळतो. तेथे कडा असतो, ओढा असतो किंवा चढ असह्य झालेला असतो. ते कारण शोधणे व मेजावर पुन्हा उभे करणे, ह्यालाच आम्ही प्रतिकृती म्हणतो. हे काम भूगोलाचे आहे, गणिताचे आहे, इतिहासाचेही आहे. आणि जन्मभर फळ्यापुढे उभे राहिलेल्या माणसास असे एकत्र शिक्षण सहसा हाती लागत नाही.

प्रथम जागेची ओळख करून घेऊ. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट ह्यांनी १८५० साली माथेरान प्रसिद्धीस आणले. पुढे सर आदमजी पीरभॉय ह्यांच्या कुटुंबाने स्वतःच्या धनाने तेथे रेल्वे नेली. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन ह्यांनी ते काम अंगावर घेतले. १९०४ साली आरंभ झाला व १९०७ साली गाडी सुरू झाली. खर्च सुमारे १६ लक्ष रुपये झाला असे सांगतात. मार्गाची लांबी सुमारे २१ किलोमीटर, रुळांतील अंतर २ फूट, चढ काही ठिकाणी २० फुटांस १ फूट, आणि वळणे दोनशेहून अधिक. नेरळ सोडल्यावर जुम्मापट्टी, वॉटरपाइप, अमन लॉज आणि मग माथेरान, असा हा क्रम आहे. वाटेत बोगदा एकच.

आता गणिताकडे वळू. विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल काढावी. प्रतिकृतीसाठी आम्ही एका फुटास ४ मिलिमीटर हे प्रमाण सुचवितो. म्हणजे प्रत्येक वस्तू ७६ पट लहान. साडेपाच फुटी माणूस २२ मिलिमीटरचा होईल. २ फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. त्यास ७६ ने भागल्यास ८ मिलिमीटर येतात. बाजारात तयार रूळ मिळतात ते ९ मिलिमीटरचे. एका मिलिमीटरची ही तडजोड जगभरचे हौशी लोक मान्य करतात, आपणही करू.

ह्याच भागाकाराने संपूर्ण मार्ग मापून पाहा. २१ किलोमीटरचे २७६ मीटर होतात. नेरळ ते माथेरान चढ सुमारे ७६० मीटर. त्याचे १० मीटर होतात, म्हणजे तीन मजली इमारतीची उंची. आपली खोली १२ फूट लांब व ८ फूट रुंद! तिच्या दोन भिंतींलगत मेज मांडले, तर लांबी जेमतेम ६ मीटर भरेल. म्हणजे खऱ्या मार्गाचा साडेचारशे मीटरांचा तुकडा. पुष्कळांचा उत्साह येथेच मावळतो. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी आधी इंजिने घेतली, मग रूळ घेतले, मग मेज ठोकले, आणि आता नेरळपासून माथेरानपर्यंत सर्व काही बसवू म्हणून आराखडा काढावयास बसले. चार वर्षे झाली. मेज अद्याप उघडेच आहे, व घरातील मंडळी त्यावर कपड्यांच्या घड्या ठेवतात.

म्हणून पहिला नियम असा की, काय घ्यावे हे ठरविण्याआधी काय सोडावे हे ठरवावे. आणि दुसरा नियम असा की, लांबी सोडावी, पण कारण सोडू नये.

हे दोन नियम लावून पाहू. नेरळ स्टेशन आपण सोडावे. तेथे मुंबई-पुणे मार्गाचे रुंद रूळ लागतात. ते आपल्या प्रमाणात २२ मिलिमीटरचे होतील, म्हणजे निराळ्याच मापाचे रूळ घालावे लागतील. शिवाय सारी खोली नेरळच खाऊन टाकील. तेव्हा नेरळ हे पडद्याआड राहू द्यावे. तेथे तीन-चार रूळ असावेत, गाड्या तेथून निघाव्यात व तेथेच परताव्यात. नाटकात पात्रे विंगेतून येतात, म्हणून त्यांस घर नाही असे प्रेक्षक मानीत नाहीत. तसेच हे आहे.

मेजावर दोनच देखावे घ्यावेत. एक जुम्मापट्टीचा, जेथे गाडी नालाकृती वळण घेत डोंगर चढते. आणि दुसरा माथेरान स्टेशनाचा. ह्या दोहोंच्या मध्ये तो एकुलता एक बोगदा ठेवावा. गाडी एका बाजूने बोगद्यात शिरली आणि दुसऱ्या बाजूने निघाली की मधले कितीतरी किलोमीटर मागे पडले, हे पाहणाऱ्याचे मन आपोआप मान्य करते. रंगभूमीवर मधला पडदा जे काम करतो, तेच येथे बोगदा करतो. आणि बोगदा त्या मार्गावर खरोखरच असल्यामुळे हे खोटेही नव्हे.

नालाकृती वळण बसेल काय? येथे ह्या जागेचे थोर वैशिष्ट्य दिसते. मोठ्या रेल्वेचे ३०० मीटर त्रिज्येचे वळण ७६ ने भागले, तरी जवळजवळ ४ मीटर येते; ते आपल्या खोलीत मावणार नाही, म्हणून ते मुडपून लहान करावे लागते आणि गाडी विद्रूप दिसते. माथेरानच्या मार्गावरील तीव्र वळणाची त्रिज्या सुमारे ६० फूट. तिचे होतात २४ सेंटिमीटर! पूर्ण नालाकृतीस ४८ सेंटिमीटर रुंदी लागते, आणि अडीच फुटी मेजावर ती सुखाने बसून दोन्ही बाजूंस मोकळी जागा उरते. म्हणजे वळण मुडपावेच लागत नाही. ते जसे आहे तसे घेता येते. घरातील लहान खोलीस इतकी अनुकूल असलेली खरी रेल्वे क्वचितच सापडेल.

आता चढ. सहा मीटरपैकी दोन मीटर स्टेशनांसाठी सपाट ठेवावे लागतील, कारण उतारावर सोडलेले डबे उभे राहत नाहीत. उरलेल्या चार मीटरांत २० ला १ ह्या चढाने २० सेंटिमीटर उंची मिळते. २४ सेंटिमीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाची लांबी होते ७५ सेंटिमीटर. तेवढ्यात गाडी पावणेचार सेंटिमीटर वर जाते. म्हणून नालाच्या दोन बाहू एका पातळीवर येत नाहीत. एक खाली, एक वर, आणि मध्ये दगडी बांधाचा उतार. खिडकीतून आपण थोड्या वेळापूर्वीचा रूळ खाली पाहतो, त्या दृश्याचे रहस्य हेच. मात्र तीव्र चढ आणि तीव्र वळण एकत्र आले की लहान इंजिन दमते. तेव्हा फळी कायमची ठोकण्यापूर्वी ती विटांवर तिरपी मांडून, इंजिनास चार डबे लावून, ते चढते की नाही हे पाहून घ्यावे.

त्यानंतर वेळापत्रक. रूळ मांडण्याआधी वेळापत्रक करावे, असे म्हटले म्हणजे मुले हसतात. पण रूळ हे गाड्यांसाठी असतात, गाड्या रुळांसाठी नव्हेत. हा मार्ग एकेरी आहे. वर जाणारी व खाली येणारी गाडी स्टेशनातच एकमेकींस ओलांडू शकते. म्हणून जुम्मापट्टीस बगलेचा रूळ हवा, आणि त्याची लांबी आपल्या सर्वांत मोठ्या गाडीएवढी हवी. माथेरानला इंजिन सुटून दुसऱ्या टोकास यावयाचे, तर शेवटच्या सांध्यापुढे इंजिनापुरती जागा हवी. ही जागा विसरल्यामुळे कित्येक सुंदर प्रतिकृतींत इंजिन हाताने उचलून फिरवावे लागते.

ह्यापुढचा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रतिकृती कोणत्या वर्षाची? खरी जागा स्थिर नसते. आरंभीची चार वाफेची इंजिने जर्मनीत घडलेली. १९५० च्या दशकात डिझेल इंजिने आली. १९८० च्या दशकात वाफ थांबली. २००५ च्या महापुरात मार्ग वाहून गेला, तो २००७ साली पुन्हा उभा राहिला. २०१९ च्या पावसाने तो पुन्हा मोडला, आणि नेरळपासून थेट गाडी २०२२ साली सुरू झाली. आपण १९५० च्या दशकाची अखेर निवडावी, म्हणजे वाफ व डिझेल दोन्ही न्यायाने नांदतील. आणि ऋतू हिवाळा निवडावा. मुलांस हिरवेगार डोंगर व धबधबे हवे आहेत, हे आम्ही जाणतो. परंतु पावसाळ्यात घाटातील ही गाडी बंद असे, व अद्यापही बंद असते. धबधब्याखालून धावणारी गाडी दाखविली, तर जो मनुष्य तेथे राहतो तो ती पाहून हसेल. खाली काळा पाषाण व पिवळे पडलेले गवत, वर तांबडी माती व दाट झाडी, असा रंगांचा क्रम ठेवला की हिवाळ्यातही देखावा रिता वाटणार नाही.

आणि माणसे! प्रतिकृतीत माणसे सर्वांच्या शेवटी आणली जातात, आणि पैसे संपले की प्रथम गाळली जातात. आमचा ह्यास विरोध आहे. त्या काळी डब्यांवर हाताने ब्रेक लावणारी माणसे असत. इंजिनाची शिटी ऐकून ती उतारावर गाडी आवरीत. माथेरानला मोटार चालत नाही; म्हणून तेथे घोडेवाले होते, डोक्यावर सामान वाहणारे हमाल होते, आणि उतारूंस रिक्षात बसवून ती तांबड्या मातीतून ओढणारी व ढकलणारी माणसे होती. आसपासच्या वाड्यांतील ठाकर व कातकरी मंडळी होती. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढावयाच्या रिक्षा बंद करून त्या चालकांस विजेच्या रिक्षा देण्यास सांगितले. कित्येक पिढ्यांनी जे कष्ट केले, ते आता इतिहासजमा व्हावेत ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु इतिहासजमा होणे म्हणजे विसरले जाणे नव्हे. आपल्या मेजावर माथेरानचे स्टेशन असेल आणि त्याच्या फाटकाबाहेर रिक्षावाला नसेल, तर ती प्रतिकृती ७६ पट लहान असूनही शंभर टक्के खोटी ठरेल. आपल्यापैकी पुष्कळांचे आजोबा-पणजोबा अंगमेहनत करूनच शहरात स्थिरावले. त्यांच्या नातवंडांस हे निराळे सांगण्याची गरज पडू नये.

तेव्हा तरुणांस आमची सूचना अशी की, प्रथम तीन महिने काहीही विकत घेऊ नये. दोन-दोनच्या जोड्यांनी माथेरानला जावे. गाडीतून व रस्त्यावरून पाहावे. रुळांवरून चालू नये. वहीत स्टेशनाचा आराखडा काढावा. स्टेशनातील एका दाराची उंची विचारून टिपून ठेवावी, म्हणजे छायाचित्रावरून संपूर्ण इमारतीचे माप काढता येते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरून डोंगराच्या उंचीच्या रेषा उतरून घ्याव्यात. उपग्रहाची चित्रे हल्ली फुकट पाहावयास मिळतात, ती पाहावीत. पण उपग्रहास वास कळत नाही, हे ध्यानात ठेवावे. आणि तेथील वृद्धांशी आदराने बोलावे. त्यांचे शब्द लिहून घ्यावेत. मग जुन्या वर्तमानपत्रांचे कागद जोडून खोलीएवढा नकाशा करावा, त्यावर पूर्ण मापाने रूळ रेखावेत, आणि पुठ्ठ्याच्या इमारती ठेवून आठवडाभर ते तसेच राहू द्यावे. पुठ्ठ्याची इमारत हलविण्यास खर्च पडत नाही.

वडीलधाऱ्या सभासदांस आमची विनंती एवढीच की, शिष्यवृत्तीच्या निधीस हात न लावता, इच्छुकांच्या वर्गणीतून हे काम होऊ द्यावे. आणि तीन महिन्यांनी मुलांच्या वह्या मागवून पाहाव्यात. वह्या कोऱ्या असतील, तर खोलीस खुशाल कुलूप घालावे. परंतु त्या भरलेल्या असतील, तर मेज उभे राहण्यापूर्वीच मंडळाचा पैसा वसूल झाला असे समजावे.