विषाणू, कर्करोग आणि देहाची रखवाली



निपाणीच्या तंबाखूने सीमाभागाला पैसा दिला. तंबाखू आणि कर्करोग यांचे नातेही या भागाला, उशिरा का होईना, पटले. परंतु कर्करोगाचे एक कारण असे आहे की, ज्याला ना रंग, ना वास. ते म्हणजे मानवी पॅपिलोमा विषाणू. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे जवळजवळ नेहमी हाच विषाणू असतो. या शोधाबद्दल जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक लाभले.

हा विषाणू अगदी सर्वसामान्य आहे. शरीरसंबंधातून तो पसरतो आणि बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हा तरी गाठतोच. तेथे चारित्र्याचा प्रश्न उद्भवत नाही. बहुतेकांची प्रतिकारशक्ती एक-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावते. ज्या थोड्या स्त्रियांमध्ये तो ठाण मांडतो, तेथे त्याची दोन प्रथिने पेशींच्या वाढीला आवर घालणारी यंत्रणा निकामी करतात. तरीही कर्करोग व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षे लागतात.

विशेष हे की, कर्करोगी झालेली पेशी ही परकी प्रथिने तयार करीतच राहते. चोराने आपली खूण मागे ठेवावी, तसाच हा प्रकार. मग देहाच्या रक्षक पेशी स्वस्थ का बसतात? कारण कर्करोगाची गाठ त्यांचा लगाम खेचून धरते. हा लगाम सैल करणाऱ्या उपचाराचा पाया घातल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी गर्भाशयमुखाच्या बळावलेल्या कर्करोगावर पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध वापरण्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्र ते अतिशय महाग आहे आणि सर्वांनाच लागू पडते असे नाही.

म्हणूनच गरिबाघरचा खरा आधार वेळीच होणारी तपासणी हा होय. त्याचा पुरावा मराठी मुलखातच सापडतो. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांमध्ये १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटाची विषाणू-तपासणी एकदाच झाली, त्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले. जवळजवळ तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४.

त्याही आधीची पायरी लसीची. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला २०२२ साली भारतात मान्यता मिळाली. ही लस जडलेला विषाणू घालवीत नाही. तो येण्यापूर्वीच रक्षकांना त्याची ओळख करून देते. म्हणून ती किशोरवयातच घेणे इष्ट.

तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाईला रोजगार बुडवून तपासणीला जाणे जड वाटते, आणि लाजही आड येते. ही लाज घालविणे औषधाच्या हाती नाही. ते शब्दांचे काम आहे. वाचनालयाच्या सभासदांनी ही माहिती आपल्या घरातील आणि शेजारच्या स्त्रियांपर्यंत पोहोचवावी. तीही ज्ञानोपासनाच ठरेल.