घरातील सर्वज्ञ



जुबिलीनिमित्त घरोघर भेटी देताना एक गाऱ्हाणे आमच्या कानी वारंवार आले: घरातील अमुक आप्तास सर्वच कळते, इतरांस काहीच नाही. आमच्या वसईच्या घरी असे थोरले काका होते. वाडीतील विहीर खोल केल्यास पाणी वाढेल, असे त्यांनी ठरविले. केळी राखणारा आमचा धाकटा बंधू हळूच म्हणाला, "काका, समुद्र जवळ आहे, गोड्या पाण्याखाली खारे असते." काका हसले, आणि सेमिनरीतून सुट्टीस आलेल्या आम्हीही त्यांचीच री ओढली! पाणी खारट झाले, केळी करपली. बंधू कित्येक महिने जेवतानासुद्धा आमच्याशी बोलेना.

अशा माणसाशी वाद व्यर्थ होय. २००२ साली येल विद्यापीठातील रोझेनब्लिट व काइल या संशोधकांनी लोकांस नित्याच्या वस्तू कशा चालतात, हे सविस्तर समजावून देण्यास सांगितले. तसे करताना आपले ज्ञान किती तोकडे, हे त्यांचे त्यांसच उमगले. तेव्हा "तुम्ही चुकता" असे न म्हणता "ते कसे होते, सांगाल का?" असे आदराने विचारून पाहावे. काकांस तसे कोणी विचारले नाही, आम्ही तर नाहीच.

बंधूने पुढे तेथे माड लावले, ते तगले. काका मात्र अखेरपर्यंत म्हणत, "पाणी गोडच आहे."