तेलातलं पाणी



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिचं पाहून गावोगावी अशा माला निघाल्या आणि तिथं स्वराज्यापासून शेअरबाजारापर्यंत सगळं बोलून झालं. तळण या विषयावर मात्र कुणी तासभर बोलल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्यामुळे पत्रिकेवर ‘कोळंबी आणि चीजचे टाकिटो’ असं छापलेलं पाहून कुणाच्या भुवया उंचावल्या असतील, तर माझी तक्रार नाही.

आधी पदार्थ सांगतो. मक्याची वीतभरापेक्षा लहान रोटी, म्हणजे टॉर्टिया, घ्यायची. तिच्यात थोडंसं सारण ठेवून अंगठ्याएवढी जाड, घट्ट गुंडाळी करायची आणि ती तळायची. हा टाकिटो. मेक्सिकोत अशा तळलेल्या प्रकारांना सरसकट ‘ताकोस दोरादोस’ म्हणतात, आणि लांब गुंडाळी असेल तर ‘फ्लाउता’. टाकिटो हे नाव गाजलं ते सीमेच्या उत्तरेला. लॉस एंजेलिसमध्ये ओल्वेरा स्ट्रीटवर १९३० साली मेक्सिकन पद्धतीचा बाजार उभा राहिला. तिथं १९३४ मध्ये आउरोरा गेरेरो नावाच्या बाईंनी ‘सिएलितो लिंदो’ हे छोटंसं दुकान काढलं आणि गोमांसाचे टाकिटो अवोकाडोच्या पातळ सॉसमध्ये बुडवून द्यायला सुरुवात केली. तिकडे सॅन दिएगोत १९४० सालच्या ‘एल इंदियो’चे लोक म्हणतात, नाव आम्ही दिलं. या भांडणात आपण पडायला नको. पुढे अमेरिकन दुकानांच्या फ्रीजरमध्ये गोठवलेल्या टाकिटोंची खोकी आली आणि पदार्थाची पत उतरली. ते खोक्यातले टाकिटो चवीला बरे असतात, पण कुरकुरीत क्वचितच असतात. का नसतात, हाच आजचा विषय आहे.

आता यात कोळंबी आणि चीज कुठून आलं? त्यासाठी मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, सिनालोआ राज्यात जायला हवं. तिथलं मासातलान हे कोळंबीचं मोठं बंदर. कोळंबी, चीज आणि भाजलेली मिरची घातलेला एक टाको, म्हणजे सारण भरून दुमडलेली टॉर्टिया, तिथं प्रसिद्ध आहे, त्याला ‘ताको गोबेर्नादोर’ म्हणतात, म्हणजे राज्यपालांचा टाको. फ्रान्सिस्को लाबास्तिदा १९८७ ते १९९२ या काळात सिनालोआचे गव्हर्नर होते. ते जेवायला येणार म्हणून ‘लोस आर्कोस’ या हॉटेलच्या स्वयंपाकघरात हा टाको जन्मला, असं सांगतात. तिकडचा गव्हर्नर निवडून येतो, तेव्हा आपल्या हिशेबानं याला मुख्यमंत्र्यांचा टाको म्हणायला हरकत नाही.

दुसरी वाट उपासाची. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत कॅथलिक माणूस शुक्रवारी मांस खात नाही, मासे चालतात. वसईतल्या आणि गोव्यातल्या घरांना हे मी सांगायला नको. मेक्सिकोत या दिवसांत कोळंबीचे तळलेले टाको जोरात खपतात. गंमत अशी की, लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्स भागात ‘मारिस्कोस हालिस्को’ नावाची एक गाडी कोळंबीच्या तळलेल्या टाकोसाठी नावाजली गेली, आणि तिच्या मालकानं ती रीत आणली सान हुआन दे लोस लागोसहून. हे गाव समुद्रापासून लांब, आतल्या पठारावरचं यात्रेचं ठिकाण आहे.

इथं सभागृहातली ज्येष्ठ मंडळी अस्वस्थ झाली असतील. मासे आणि चीज एकत्र? ‘मासे खाल्लेत ना, मग दूध पिऊ नकोस’ हे वाक्य ऐकल्याशिवाय कोकणात कुणी मोठं झालेलं नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विरुद्ध आहाराच्या यादीत दूध आणि मासे ही जोडी आहेच. इटालियन माणूस आयुर्वेद न वाचताही माशाच्या पास्त्यावर चीज किसू देत नाही. पण बंगाली घरात दह्यातला मासा मानाच्या पंगतीत येतो, आणि फ्रेंचांनी लॉब्स्टर थर्मिडॉरमध्ये चीज घालून ते जगभर नेलं. दूध-माशानं अंगावर कोड उठतं ही भीती मात्र सोडून द्यावी. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच रंगपेशींवर उलटते, त्यातून कोड येतं. माझं मत विचाराल तर हा प्रश्न चवीचा आहे. नाजूक, वासानं ओळखू येणाऱ्या मासळीवर चीज घातलं की मासळी हरवते. पापलेटचा टाकिटो करू नये, तो पापलेटचा अपमान आहे. कोळंबी आणि खेकडा अंगच्या गोडीमुळे चीजसमोर टिकून राहतात.

आता मुख्य मुद्दा. कुरकुरीतपणा आपण तेलाच्या खाती जमा करतो. खरं तर तो पाण्याचा हिशेब आहे. टॉर्टियात जवळजवळ निम्मं पाणी असतं. सोललेल्या कोळंबीत तर तीन चतुर्थांशाहून जास्त. गुंडाळी एकशे ऐंशी अंश सेल्सियसच्या तेलात पडली की पृष्ठभागावरच्या पाण्याची वाफ होते आणि ती जोरानं बाहेर येते. ते बुडबुडे म्हणजे पाणी निघून जाताना दिसतंय. वाफ बाहेर ढकलत असते तोवर तेलाला आत शिरायला वाव कमी. वरचा थर कोरडा झाला की त्याचं तापमान शंभराच्या पुढे चढतं, तेव्हा कुठे रंग येतो, खमंग वास सुटतो. तेल थंड असेल तर वाफेला जोर नसतो, कवच धरायला वेळ लागतो आणि गुंडाळी तेलकट होते. एका वेळी कढईत आठ-दहा गुंडाळ्या कोंबल्या तरी तेच होतं, कारण तेल एकदम निवतं.

अजून एक गोष्ट, जी तळणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते. बरंचसं तेल पदार्थात शिरतं ते कढईतून बाहेर काढल्यावर. आतली वाफ निवून तिचं पाणी होतं, पोकळी तयार होते आणि ती बाहेर चिकटलेलं तेल आत ओढून घेते. म्हणून टाकिटो काढल्यावरचे पहिले काही क्षण मोलाचे. झाऱ्यावर धरून कढईच्या वरच नीट निथळू द्या, मग जाळीवर उभे करून ठेवा. कागदावर आडवे टाकून वर दुसरा थर रचला, की खालच्यांची वाफ कोंडते आणि मेहनत वाया जाते. झाकण तर मुळीच ठेवायचं नाही. खोक्यातल्या टाकिटोचं दुखणं हेच: गोठवताना आणि पुन्हा तापवताना सारणाचं पाणी कवचात येतं.

हिशेब टॉर्टियापासूनच सुरू होतो. मक्यात गव्हासारखं ग्लुटेन नाही, म्हणून नुसत्या मक्याच्या पिठाची पोळी दुमडली की तडकते. भाकरी करणारी बाई गरम पाणी घालून पीठ मळते, ते याच कारणासाठी. मध्य अमेरिकेतल्या लोकांनी तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दुसरी युक्ती काढली: मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी चोळून धुवायचा आणि ओला वाटायचा. चुन्यानं दाण्याचं साल सुटतं आणि वाटलेला गोळा एकजीव होतो, दुमडला तरी तुटत नाही. शिवाय मक्यात अडकून पडलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळायला लागतं. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, चुना मात्र नेला नाही. मग मक्यावरच पोट भरणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा रोग पसरला. गास्पार कासाल या वैद्यानं त्याचं वर्णन १७३५ मध्ये लिहिलं. आपल्या दख्खनेतही ज्वारीवर जगणाऱ्या लोकांत पेलाग्रा दिसत असे. हैदराबादच्या प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास त्याचा माग काढला आणि बोट ठेवलं ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लावर.

घरी करायचं तर अर्धा किलो सुका पांढरा मका, दीड लिटर पाणी आणि खाण्याचा शुद्ध चुना पाच ग्रॅम. पातेलं स्टीलचं घ्या, कारण अॅल्युमिनियमला चुना खातो. अर्धा तास मंद शिजवा, रात्रभर झाकून ठेवा, भरपूर पाण्यानं धुऊन वेट ग्राइंडरवर वाटा. पाटा-वरवंटा असेल तर उत्तम. स्वीट कॉर्नचं हे होत नाही, तो कोवळा असतो. एवढा उपद्व्याप नको असेल तर मोठ्या शहरांत आयात केलेलं मासा हारिना, म्हणजे चुना लावलेल्या मक्याचं कोरडं पीठ, मिळतं. मैद्याच्या तयार टॉर्टियाही चालतील, पण मग त्याला मक्याची चव मागू नका. टॉर्टिया भाजून झाल्यावर गुंडाळण्याआधी प्रत्येक गरम तेलातून दोन-तीन सेकंद काढा. ती लवचिक होते.

सारण. पाव किलो सोललेली लहान कोळंबी घ्या. करंदी मिळाली तर चिरायचंही काम नाही. मोठी असेल तर काळा धागा काढून बारीक करा. एक कांदा परता, भाजून सोललेली ढोबळी मिरची आणि चवीपुरती हिरवी मिरची घाला, मग कोळंबी टाकून मोठ्या आचेवर ती गुलाबी होईपर्यंतच हलवा. पाणी सुटेल, ते आटवायचं. पण कोळंबी तव्यावर ठेवून नाही, ती रबर होईल. कोळंबी बाजूला काढा, पाणी एकटं आटवा, मग तो घट्ट रस परत तिच्यावर ओता. टोमॅटो घालायचाच तर बिया काढून. एक उकडलेला बटाटा कुस्करून मिसळला तर उरलेला ओलावा तो धरून ठेवतो. सारण पूर्ण थंड झाल्याशिवाय चीज घालू नये.

चीज कुठलं? सिनालोआच्या शेजारच्या चिवावा राज्यात १९२२ साली कॅनडातून मेनोनाइट पंथाचे शेतकरी येऊन वसले. त्यांचं वितळणारं चीज राज्याबाहेर त्या राज्याच्या नावानंच विकतात. आपल्याकडे मोझरेला सहज मिळतं, पण पिशवीतल्या पाण्यातलं नको, सुकं किसायचं घ्या. डब्यातलं प्रोसेस्ड चीज काही जण हिणवतात. त्यातल्या क्षारांमुळे ते तूप न सोडता वितळतं, तेव्हा निम्मं तेही घाला, बिघडत नाही. पनीर मात्र नको. ते आंबट घालून गरम दुधातून फाडलेलं असतं. त्यातली प्रथिनं एकमेकांना अशी धरून बसतात की तापवल्यावर वितळायच्या ऐवजी पाणी सोडतात. आणि पाणी तर आपल्याला नकोच आहे.

बारा टॉर्टियांना दीडशे ग्रॅम चीज पुरे. सारण कडेपासून बोटभर आत ठेवा, घट्ट गुंडाळा, शिवणीवर टूथपिक टोचा. तेलात सोडताना शिवण खाली. टोकं उघडी असतात, म्हणून चीज टोकांपर्यंत नेऊ नये, नाहीतर ते बाहेर येऊन तेल उडवतं. तेल तापलंय का हे पीठ टाकून बघा: गोळी तळाला जाऊन लगेच बुडबुड्यांसह वर आली पाहिजे. तीन-चार मिनिटांत रंग येतो. बुडबुडे विरळ झाले की पाणी संपत आलं, काढा. वर बारीक चिरलेला कोबी, लिंबू, अवोकाडो आणि हिरव्या मिरचीची पातळ चटणी. सॉस ताटात खाली पसरा किंवा वाटीत द्या. वरून ओतायचा तर पाहुणा घास घेणार त्या क्षणी.

संयोजकांकडे दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली: ‘ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये जमेल का?’ जमेल, ब्रशनं तेल लावून. हवा तेलाइतकी झटपट उष्णता देत नाही, म्हणून कवच सावकाश कोरडं होतं आणि तेवढ्यात आतली कोळंबी जास्त शिजते. तिथं कोळंबी आधी अर्धीच परता. दुसरी: ‘कालच्या ज्वारीच्या भाकरीचे टाकिटो होतील का?’ गुंडाळी नाही होणार, भाकरी मोडेल. पण तिचे चतकोर तुकडे करून तळा, वर हीच कोळंबी आणि चीज ठेवून एक मिनिट झाकण न लावता तव्यावर तापवा. त्याला टाकिटो म्हणू नका एवढंच. आमच्या घरी त्याला अजून नाव पडलेलं नाही, पण ते उरत नाही.