संगणकाच्या पडद्याचे चलच्चित्र

हुबळी-धारवाड ही १९६२ मध्ये एका महानगरपालिकेत आलेली जुळी शहरे. येथे कानडी आणि मराठी मातृभाषेचे विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. संगणकावरील अर्ज कसा भरावा हे त्यांना शिकवावयाचे, तर निवेदन कोणत्या भाषेत करावे? धारवाडच्या आयआयटीला २०१६ मध्ये स्थापनेच्या वेळी मार्गदर्शन करणाऱ्या मुंबईच्या आयआयटीतच याचे एक उत्तर सापडते. तेथील कण्णन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात पडद्याचे चित्रण एकदाच होते. निवेदन मात्र मराठी, कानडी असे निरनिराळ्या भाषांत जोडले जाते.

कृती लहान असेल, तर निवेदनाचीही गरज उरत नाही. वीस सेकंदांचे मूक चलच्चित्र पुरते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची रोज एक चौकट टिपून अंकुराची वाढ दाखविली. तत्त्व तेच, येथे सेकंदाला दहा चौकटी टिपावयाच्या, एवढेच.

लिनक्स संगणकावर ‘एफएफएमपेग’ या विनामूल्य साधनाला हे काम एका लेखी आज्ञेने सांगता येते. पडद्याचा कोणता भाग, सेकंदाला किती चौकटी आणि किती वेळ, हे आज्ञेत लिहावयाचे. ती आज्ञा जपून ठेवली, की अर्ज बदलल्यावर त्याच मापाचे चित्रण पुन्हा करता येते. बटणे दाबून केलेल्या कामात ही सोय क्वचितच मिळते. (‘वेलँड’ पद्धतीच्या नव्या पडद्यांवर मात्र वेगळे साधन योजावे लागते.)

आता आकाराचा हिशेब. १९२० गुणिले १०८० चित्रबिंदूंच्या एका चौकटीस सुमारे ६२ लाख बाइट लागतात. दोनशे चौकटींचे १२४ कोटी होतात! म्हणून ‘जीआयएफ’ स्वरूपाचा आश्रय घ्यावा लागतो. १९८७ मध्ये आलेल्या या स्वरूपात एका चौकटीला २५६ रंगांचीच मुभा असते. पहिल्या फेरीत चित्रणातून योग्य रंग निवडावेत आणि दुसऱ्या फेरीत त्यांनीच चित्र रंगवावे. घाईने पहिली फेरी गाळली, तर अक्षरांभोवती ठिपके उठतात. चित्र लहान करण्याचा मोहही टाळलेला बरा. त्यात देवनागरीच्या वेलांट्या आणि कानडीचे ओत्तक्षर आधी पुसट होतात. त्यापेक्षा पडद्याचा आवश्यक तेवढाच भाग टिपावा.

साधन निवड करीत नाही. मध्येच उमटलेला खाजगी निरोपही ते टिपते. म्हणून नमुन्याचा अर्ज आणि कल्पित नाव घेऊनच चित्रण करावे, आणि पाठविण्यापूर्वी एकेक चौकट पाहून घ्यावी. सेकंदाच्या दहाव्या भागापुरता दिसलेला आधार क्रमांकही चित्र थांबवून वाचता येतो.