आपली बोली आणि शेजारची बोली



पेण-रोह्याच्या आपल्या बऱ्याच घरांत तीन भाषा असतात. मदरशात उर्दू, शाळेत मराठी आणि चुलीपाशी कोकणी बोली. पहिल्या दोघींची पुस्तकं आहेत. तिसरीला कोणी 'अशुद्ध मराठी' म्हणतं, कोणी 'गावठी'. मग पाहुण्यांसमोर आपणही ती टाळतो.

पण हळदीला बायका म्हणतात ती गाणी याच बोलीत आहेत. मासळी, खारजमीन, उधाण-भांग यांचे शब्द तिच्यात आहेत. नानीबरोबर ते गेले तर कुठल्या पुस्तकात शोधणार?

आता शेजारी बघा. डोंगरपायथ्याच्या वाड्यांवर कातकरी राहतात. खैरापासून कात काढायचे म्हणून कातकरी. महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी ही एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. पावसाळा सरला की कित्येक कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि मुलांची शाळा सुटते. जे मूल वर्गात बसतं, त्याच्यासमोर पुस्तकी मराठी येते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा मातृभाषेतून शिकवा म्हणतो, पण 'शक्य असेल तिथवर'. कातकरी मूल त्या 'शक्य'मध्येच अडकतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. या दोन्ही बोली देवनागरीत लिहिता येतात, त्यामुळे फॉन्ट-कीबोर्डची अडचण नाही. कमी आहेत ते आवाज आणि मजकूर. बोलणं ओळखायला शिकवायचं तर यंत्राला तासन्‌तास रेकॉर्डिंग आणि ते शब्दाला शब्द लिहिलेलं लागतं. ते नसेल तर यंत्र ऐकलेलं ओढूनताणून मराठीत बसवतं.

म्हणून तीन कामं. एक, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्यांची गाणी, किस्से फोनवर घ्या. गाव आणि तारीख नोंदवा. बोलले तसंच लिहा, 'शुद्ध' करू नका. दोन, वाडीवर गेलात तर आधी परवानगी घ्या, रेकॉर्डिंगची प्रत त्यांना द्या. ते कुठे वापरायचं हे तेच ठरवतील. तीन, शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतील, तर पहिलीच्या वर्गात कातकरी बोलणारा मदतनीस मागा.

सूरह रूममध्ये भाषांची विविधता अल्लाहच्या निशाण्यांमध्ये मोजली आहे. तिथे लहान भाषा, मोठी भाषा असा भेद नाही. आपल्या बोलीला मान मागायचा आणि कातकरीला 'जंगली' म्हणायचं, तर तो मान नव्हे. ती फक्त एक पायरी वर चढायची धडपड.