चित्रातील निवड
(ट्रस्टच्या समारंभात केलेले भाषण)



आपल्यापैकी अनेकांच्या घरातला एखादा तरी मुलगा रिंगरोडच्या कापडबाजारात कामाला आहे. संगणकावर तो दिवसभर साड्यांचे फोटो 'कापतो', असे आई सांगते. हे कापणे म्हणजे काय, एवढेच मी आज सांगणार आहे.

यंत्राच्या दृष्टीने छायाचित्र म्हणजे ठिपक्यांची चटई. प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा व निळा यांचे ० ते २५५ पर्यंतचे तीन आकडे. साडी कोणती नि भिंत कोणती, हे त्या आकड्यांत कोठेही लिहिलेले नसते. म्हणून 'येथवर हात लाव, पुढे नको' अशी हद्द आखून द्यावी लागते. ती हद्द म्हणजे निवड.

१९९० साली फोटोशॉप निघाले तेव्हापासून त्यात लॅसो म्हणजे फासा आणि मॅजिक वाँड म्हणजे जादूची कांडी आहे. फासा हाताने ओढावयाचा. कांडी टेकविली की त्या रंगाशी मिळतेजुळते शेजारी गोळा होतात. किती मिळतेजुळते, ते 'टॉलरन्स'च्या आकड्यावर ठरते. सपाट पडद्यावर हे झकास चालते. पण आपल्या सुरतेच्या जरीपुढे कांडी हात टेकते! एकच काठ, पण झोतात पांढरा नि चुणीत तपकिरी. टॉलरन्स कमी ठेवा, काठाला भोके पडतात; वाढवा, शेजारचे कापड आत शिरते. तेथे पेन टूल घेऊन, शिंप्याने खडूने आखावी तशी कडेकडेने रेघ आखावी. अलीकडे वस्तू आपोआप ओळखणारी हत्यारे आली आहेत. आरंभ त्यांनी खुशाल करावा. काठ मात्र डोळ्यांनी तपासावा.

झिरझिरीत पदराची गोष्ट निराळी. तेथे निवड अर्धीमुर्धीही असावी लागते. मास्कमध्ये पांढरे म्हणजे निवडलेले, काळे म्हणजे वगळलेले आणि करडे म्हणजे अर्धवट. 'क्विक मास्क'मध्ये दिसणारा तांबडा पडदा छापखान्यातून आलेला आहे. तेथल्या फिल्मवर तांबड्या प्रकाशाचा परिणाम होत नसे, म्हणून झाकावयाचा भाग तांबड्या पापुद्र्याने झाकीत.

मुलांनो, एका गोष्टीवर मला स्पष्ट बोलावयाचे आहे. एका साडीचा फोटो काढून, निवड करून, तिचे सहा रंग दाखविले जातात. ते सहाही रंग फळीवर असतील तर त्यात गैर काही नाही. पण 'जरा उजळ कर' असे शेठ सांगतो, पार्सल नाशिकहून परत येते आणि बोल बसतो तो संगणकावरच्या पोराला. म्हणून कापडाचा तुकडा दिवसाच्या उजेडात पाहूनच रंग जुळवावा. मूळ फोटोला हात लावू नये. निवड वेगळी साठवावी. शेठजींनी विचारले, तर काय बदलले ते उघडून दाखविता आले पाहिजे.

शिकण्यास पैसे पडत नाहीत. १९९६ पासून गिंप फुकट मिळते. घरातली जरीकाठाची एखादी साडी दोरीवर टाका, तिचा फोटो घ्या आणि तेवढा काठ निवडून पाहा.